शहराने विकत घेतलेले डोंगर

न्यूयॉर्क शहरास लागणारे बहुतेक पाणी २०० किलोमीटरपर्यंत दूर असलेल्या कॅटस्किल डोंगरांतून व डेलावेअर नदीच्या खोऱ्यातून येते. ते गाळण्यात येत नाही. केवळ निर्जंतुक करून नळांत सोडतात. नद्या-तलावांचे पाणी गाळूनच पुरविले पाहिजे, असा नियम अमेरिकेच्या केंद्र शासनाने १९८९ साली केला. पाणलोटाचे नीट रक्षण करणाऱ्या शहरांना मात्र त्यातून सूट ठेविली. गाळणकेंद्र उभारावयाचे तर अब्जावधी डॉलर हवेत. उलट, रान राखलेल्या उतारावरचे पाणी पालापाचोळ्यात मुरून सावकाश ओढ्याला मिळते. उतार उघडा पडला, की गाळ व शेणखत सरळ धरणात उतरते. म्हणून शहराने जमीनच विकत घेण्याचे ठरविले.

पण खोऱ्यातील लोकांच्या मनात जुना सल होता. १९०७ साली काम सुरू झालेल्या अशोकान धरणासाठी त्यांच्या जमिनी सक्तीने घेतल्या गेल्या, वस्त्या उठल्या, कबरीदेखील हलवाव्या लागल्या. त्यामुळे १९९७ च्या करारात सक्तीला जागाच ठेविली नाही. जो राजीखुशीने विकेल त्याचीच जमीन, तीही रास्त बाजारभावाने, घ्यावयाची. शिवाय तिच्यावरील स्थानिक कर शहराने भरावयाचा. काही जमिनींची मालकी मूळ मालकाकडेच राहिली; तेथे बांधकाम न होऊ देण्याचा हक्क तेवढा शहराने विकत घेतला.

तरीही कुरबुर थांबली नाही. डोंगराळ मुलखात सपाट जमीन मुळात थोडी; तीही शहराकडे गेल्यास घरे-दुकाने कोठे बांधावयाची? हा प्रश्न रास्तच होता. करारानुसार गावांना आपले गावठाण व त्यालगतची ठरावीक जमीन शहराच्या खरेदीतून वगळता आली.