घरच्या जुन्या वस्तूंपासून आंब्याचा झेला

नांदेड व लातूर जिल्ह्यांत शेताच्या बांधावर गावरान आंब्याची जुनी, उंच झाडे आढळतात. त्यांचा उतार पुष्कळदा फांद्या हलवून अथवा काठीने झोडपून करण्यात येतो. जमिनीवर आदळलेल्या फळाची साल वरून शाबूत दिसली तरी आतील गर दुखावतो व फळ अढीत सडू लागते. देठ समूळ तुटल्यास चीक सालीवर ओघळून काळे डाग पडतात आणि बाजारात भाव उतरतो. हे दोन्ही तोटे झेल्याने टळतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘नूतन झेला’ देठासह फळ काढतो. त्याच तत्त्वावर पुढीलप्रमाणे साधा झेला घरी करता येईल.

साहित्य : 3 ते 4 मीटर लांबीचा वाळलेला हलका वेळू, जुन्या बादल्यांच्या दोन कड्या, मोडक्या विळ्याच्या पात्याचा तुकडा, जुने सुती धोतर किंवा लुगडे, बारीक तार व सुतळी.

कृती : दोन्ही कड्या समोरासमोर ठेवून टोके तारेने घट्ट बांधावीत, म्हणजे गोल कडे तयार होईल. ते वेळूच्या टोकास पुढे आडवे राहील असे पक्के आवळावे. वेळूच्या विरुद्ध बाजूस, कड्याच्या किंचित वर, पाते बसवावे. धार वेळूकडे असावी. दुहेरी कापडाची सुमारे 40 सेंटिमीटर खोल झोळी कड्यास शिवावी.

वापर : झेला खालून वर नेऊन फळ कड्यात घ्यावे व देठ पात्यास लागताच वेळू आपल्याकडे हलकेच ओढावा. झोळीत चार-पाच फळे होताच ती उतरवावीत. नंतर देठ सुमारे 1 सेंटिमीटर ठेवून कापावा व देठाची बाजू खाली करून चीक निथळू द्यावा. पडीचे आंबे अढीत मिसळू नयेत.

सावधगिरी : विजेच्या तारांजवळ झेला मुळीच वापरू नये. पाते सैल नाही याची रोज खात्री करावी व झेल्याखाली मुलांना उभे राहू देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी उताराच्या आरंभीच एका झाडाखाली प्रात्यक्षिक घ्यावे. झेल्याने काढलेली व झोडपून पाडलेली फळे वेगवेगळ्या अढीत ठेवावीत. आठवड्याने दोन्ही अढ्या उघडून दाखविल्यास शेतकरी बंधूंस फरक आपोआप पटेल.