परमुलखात पासपोर्ट हरवला तर

पूर्वी कोकणातला गडी पोटासाठी मुंबईला जाई. गिरणीत, गोदीत काम करी. घरी मनिऑर्डर पाठवी. आता गावोगावचे गडी त्याहून लांब जातात. कोणी दुबईला जातो, कोणी मस्कतला, कोणी कुवेतला. कोणी हजला जातो. मुंबईला जाताना गाडीचं तिकीट पुरे होतं. समुद्रापलीकडे नुसतं तिकीट चालत नाही. तिथं पासपोर्ट लागतो.

पासपोर्ट म्हणजे काय?

पासपोर्टाला मराठीत पारपत्र म्हणतात. ही एक लहानशी वही असते. आपल्या साध्या पासपोर्टाचं कव्हर गडद निळं असतं. त्यावर सिंहांची राजमुद्रा असते. खाली 'भारत गणराज्य' असे शब्द असतात. ही आपलीच नागरी अक्षरं आहेत. आता ती आपल्याला वाचता येतात.

आत आपला फोटो, नाव आणि जन्मतारीख असते. एक नंबर असतो. नंबरात आधी एक इंग्रजी अक्षर आणि मग सात आकडे असतात.

गावात आपल्याला सारे ओळखतात. परमुलखात कोण ओळखणार? तिथं ही वहीच आपली साक्ष देते. "हा माणूस भारताचा नागरिक आहे," असं ती सांगते. म्हणून ती जिवापाड जपायची.

हरवला, आता काय?

समजा, आपल्या गावचा एक गवंडी दुबईत कामाला आहे. घरून फोन येतो, "आई फार आजारी आहे. लवकर ये." तो पेटी उघडतो. पासपोर्ट नाही! त्याच्या हातापायातलं बळ जातं.

त्याच्या खोलीत एक म्हातारे सुतार राहतात. सारे त्यांना काका म्हणतात.

"काका, माझा पासपोर्ट गेला. आता पोलीस मलाच धरतील."

"अरे, हरवणं हा काही गुन्हा नाही. पण गप्प बसू नकोस. आधी पाणी पी. मग आठव, शेवटचा कुठं काढला होतास?"

काकांचं म्हणणं बरोबर आहे. आधी नीट शोधावं. पेटी, गादी, कपड्यांचे खिसे पाहावेत. दुकानात, टॅक्सीत, कचेरीत विसरला का, ते विचारावं. तरी सापडला नाही तर पुढची कामं एकामागून एक करावीत.

पहिलं काम : पोलीस चौकी. जवळच्या चौकीवर जाऊन वर्दी द्यावी. कधी हरवला, कुठं हरवला, ते खरं सांगावं. भाषा येत नसेल तर जाणता सोबती बरोबर न्यावा. वर्दीचा लेखी कागद मागून घ्यावा. नुसतं तोंडी सांगून भागत नाही. पुढं सगळीकडे हाच कागद विचारतात.

दुसरं काम : मालकाला कळवणं. आपल्या राहण्याचा आणि कामाचा परवाना मालकाच्या मार्फत असतो. त्याला लगेच सांगावं.

तिसरं काम : भारताची वकिलात. वकिलात म्हणजे परदेशातली आपल्या सरकारची कचेरी. दुबईत अशी कचेरी आहे. अबू धाबी, मस्कत, कुवेत, दोहा, रियाध, जेद्दा इथंही आहे. काही ठिकाणी अर्ज वकिलातीनं नेमलेल्या केंद्रावर घेतात. जाताना पोलिसांचा कागद, आपले फोटो आणि पासपोर्टाची नक्कल न्यावी. नक्कल नसेल तर भारताचा कुठलाही ओळखीचा कागद न्यावा. काहीच नसलं तरी जावं. वकिलात भारतात चौकशी करून खात्री करते. मात्र त्याला वेळ लागतो.

दोन वाटा

वकिलातीत दोन वाटा असतात.

एक वाट नव्या पासपोर्टाची. ज्याला तिथंच राहून काम करायचं आहे, त्यानं ही धरावी. जुना पासपोर्ट सरकार रद्द करतं. पुढं तो सापडला तरी त्यावर प्रवास करता येत नाही. सापडला तर वकिलातीत नेऊन द्यावा.

दुसरी वाट तातडीच्या दाखल्याची. ज्याला घाईनं घरी यायचं आहे, त्याला हा दाखला मिळतो. त्यावर फक्त भारतात परत येता येतं, तेही एकदाच. भारतात उतरलं की त्याचं काम संपलं. पुन्हा परदेशी जायचं तर इथं नवा पासपोर्ट काढावा लागतो.

आपल्या गवंड्याला आईकडे यायचं आहे. त्यानं दुसरी वाट धरावी. पण निघण्याआधी कामाच्या परवान्याचं काय होणार, ते मालकाला आणि वकिलातीत विचारून घ्यावं. देश सोडण्यासाठी तिथल्या सरकारचा कागद लागतो का, तेही विचारावं. नाहीतर विमानतळावरून परत फिरावं लागेल.

तिकिटाला पैसे नसतील तर? अडलेल्या भारतीयांसाठी आपल्या सरकारनं 2009 साली एक मदत निधी सुरू केला. तो वकिलातीकडे असतो. खऱ्या गरजवंताला त्यातून मदत मिळू शकते. लाज धरू नये. विचारावं.

मालकानं ठेवून घेतला तर?

काही मालक कामगारांचे पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवतात. म्हणतात, "काम संपलं की देऊ." असा पासपोर्ट हरवलेला नसतो. म्हणून पोलिसांत "हरवला" अशी खोटी वर्दी देऊ नये. तो गुन्हा होतो. खरं तेच वकिलातीत सांगावं.

भारताचा पासपोर्टाचा कायदा 1967 सालचा आहे. त्या कायद्यानं पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे. तो तारण ठेवायची वस्तू नव्हे. दुबईच्या कायद्यानंही मालकाला कामगाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत.

आणखी एक गोष्ट. अशा वेळी दलाल भेटतो. म्हणतो, "पैसे टाक, उद्या पासपोर्ट देतो." त्याच्या नादी लागू नये. खोटा पासपोर्ट किंवा दुसऱ्याचा पासपोर्ट वापरला तर तुरुंग पाहावा लागतो. मग आई राहिली गावी आणि आपण कोठडीत.

निघण्याआधी घरीच करा

पाऊस येण्याआधी आपण घर शाकारतो. तसंच हे आहे.

पासपोर्टाच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाच्या दोन नकला काढा. एक घरी ठेवा. एक बरोबर न्या, पण पासपोर्टाशेजारी ठेवू नका. दोन्ही एकदम गेल्या तर उपयोग काय? मोबाईलवर पानांचे फोटो काढा आणि घरच्यांनाही पाठवा. स्वतःचे चार फोटो जवळ असू द्या. वकिलातीचा पत्ता आणि फोन वहीत लिहून घ्या.

आणि पासपोर्टाचा नंबर स्वतःच्या हातानं लिहायला शिका. पासपोर्टावरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात. ते दहाच आहेत. चार दिवसांत येतील. ज्याला आपला नंबर लिहिता येतो, त्याला परक्या कचेरीत दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. अक्षरं शिकायची ती ह्याचसाठी.

तुमच्या घरचं कोणी परदेशात असेल तर आजच त्याला फोन करा. विचारा, "पासपोर्ट कुठं आहे? नक्कल काढलीस का?"

उजळणी

1. पासपोर्ट हरवल्यावर पोलिसांकडून काय मागून घ्यावं?
2. वकिलात म्हणजे काय?
3. तातडीच्या दाखल्यावर किती वेळा प्रवास करता येतो? कुठं?
4. मालकानं पासपोर्ट ठेवून घेतला तर कोणती वर्दी देऊ नये?
5. घरात कोणाचा पासपोर्ट असेल तर त्याचा नंबर वहीत लिहा.