म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी कशा ऐकाव्यात?

आपल्या अभ्यासवर्गात नवे कार्यकर्ते हमखास विचारतात, "पाड्यावरची म्हातारी माणसं त्याच त्या जुन्या गोष्टी सांगतात. त्यात वेळ का घालवायचा?" मी विठ्ठलवाडीहून एसटीने मुरबाडकडच्या पाड्यांवर अनेक वर्षे जाते आहे. तो अनुभव आणि थोडे वाचन यांच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

जुने आठवत बसणे म्हणजे बुद्धी थकल्याची खूण, असा पूर्वी समज होता. १९६३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी मांडले की, आयुष्याचा असा आढावा घेणे ही उतारवयातली स्वाभाविक गोष्ट आहे. पुढच्या अभ्यासकांनी आठवणींचे तीन मुख्य उपयोग सांगितले : आपण कोण आहोत याचे भान टिकवणे, माणसांशी नाते जोडणे आणि आजच्या अडचणीत वाट शोधणे.

पण प्रत्येक आठवण सुख देत नाही. जुने दुःख पुन्हा पुन्हा उगाळणे किंवा केवळ रिकामा वेळ भरण्यासाठी आठवत राहणे, याचा संबंध उदासीशी आढळतो. दिवाळीनंतर तरुण माणसे वीटभट्ट्यांवर जातात आणि म्हातारी मागे राहतात. तेव्हा हेच अधिक घडते.

एक ठाकर बाबा दर भेटीत एकच प्रसंग सांगत. तरुणपणी जंगलातल्या शेताजवळून त्यांची गुरे धरून कोंडवाड्यात नेली होती. सांगून झाले की ते दिवसभर गप्प बसत. पुढे शेजारच्या कुटुंबाचा वनहक्काचा दावा तयार होऊ लागला. २००६च्या वनहक्क कायद्याखालील नियमांनुसार, दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतात. मी विचारले, "बाबा, तेव्हा बाजूची जमीन कोण कसत होतं?" त्यांनी तीन पिढ्यांची नावे सांगितली, बांधावरची झाडे सांगितली. तीच कडू आठवण आता शेजाऱ्याच्या कामाची झाली. दावा अजून मंजूर व्हायचा आहे, पण बाबा आता विचारतात, "आणखी कुणाचा जबाब राहिलाय का?"

म्हणून या तिमाहीत प्रत्येकाने एका वृद्धाशी बोलावे :

१. "पूर्वी कसं होतं?" असे मोघम विचारू नये. कडू करांदे राख घालून कसे उकडायचे, दुष्काळात काय खाल्ले, असे नेमके विचारावे.

२. ऐकायला नातवंडांना जवळ बसवावे.

३. दुःखाची आठवण निघाली तर घाई करू नये, खोदूनही विचारू नये. "मग त्यातून कसे सावरलात?" एवढे हळूच विचारावे.

४. लिहिलेले त्यांना वाचून दाखवावे. दुरुस्ती त्यांची, होकारही त्यांचा.

औषध-गोळी आपण पोहोचवतोच. पण आपले सांगणे कुणाच्या तरी उपयोगी पडले, हे समाधानही म्हाताऱ्या माणसाला हवे असते.