जुगाडाचा व्हिडिओ टाकण्याआधी हे वाचा



नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी थॉमसन द्राक्षातून ‘सोनाका’ निवडली. अशा वाणाला पेटंट मिळतं का? आपल्याकडे नाही. १९७० च्या पेटंट कायद्यात झाडं, बियाणं, वाण बाहेर ठेवलेत (कलम ३-जे) आणि शेतीची पद्धतसुद्धा (३-एच). म्हणजे छाटणीची नवी पद्धत कितीही भारी असू द्या, पेटंट नाही. वाणासाठी २००१ चा वेगळा कायदा आहे. द्राक्ष-डाळिंबाला जास्तीत जास्त १८ वर्षं संरक्षण मिळतं, पण वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर हवा.

अवजाराला, यंत्राला मात्र पेटंट मिळू शकतं. ते जगात कुठंच आधी जाहीर झालेलं नको. जाणकाराला सहज सुचेल असंही नको. नुसता नोझल मोठा केला, एवढ्यानं भागत नाही. हळदीनं जखम भरते यावरचं अमेरिकेतलं पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, कारण आपल्याकडं ते आधीपासून लिहिलेलं होतं.

आपले लोक फसतात ते इथं: स्वतःच टाकलेला यूट्यूब व्हिडिओसुद्धा ‘आधी जाहीर’ धरला जातो. त्यामुळं आधी तात्पुरता अर्ज करा. पूर्ण अर्जाला त्यानंतर १२ महिने मिळतात. यंत्र बनवलं असेल तर फोटो ग्रुपवर टाकू नका, ऑफिसला या. कधी बनवलं, आजवर कुणाला दाखवलं, ते वहीत लिहून आणा.