बेकारी भत्ता : पात्रता आणि प्रदान

बेकारास द्यावयाच्या आर्थिक साहाय्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला विम्याचा होय. कामावर असताना वर्गणी भरली जाते आणि काम सुटल्यावर कामगारास हक्काने लाभ मिळतो. ब्रिटनने 1911 च्या कायद्याने निवडक धंद्यांपुरती अशी योजना आखली. तीत आठवड्यास 7 शिलिंग, वर्षातून जास्तीत जास्त 15 आठवडे मिळत. दुसरा प्रकार शासकीय भत्त्याचा. येथे वर्गणी नसते, खर्च सरकारी तिजोरीतून होतो. म्हणून अर्जदारास आपली गरज सिद्ध करावी लागते. छत्तीसगढची राजधानी रायपूर येथे या दोन्ही प्रकारांचा अनुभव आलेला आहे.

रायपूरजवळच्या उरला व सिलतरा येथील कारखान्यांतील जो कामगार कामगार राज्य विमा योजनेखाली येतो, त्याच्यासाठी पहिला मार्ग होता. 2018 मध्ये या योजनेत बेकारीसाठी रोख साहाय्याची तरतूद झाली. किमान दोन वर्षांची विमापात्र नोकरी आणि ठरावीक दिवसांची वर्गणी या तिच्या मुख्य अटी होत्या. गैरवर्तनामुळे काढून टाकलेला किंवा स्वेच्छेने निवृत्त झालेला कामगार अपात्र ठरे. आरंभी सरासरी दैनिक वेतनाच्या 25 टक्के रक्कम मिळे. 2020 मध्ये ती 50 टक्के झाली. कमाल मुदत 90 दिवसांची, तीही आयुष्यात एकदाच. समजा, एखाद्याचे सरासरी वेतन दिवसाला 500 रुपये आहे. तर त्यास रोज 250 रुपयांप्रमाणे एकूण 22,500 रुपये मिळत.

दुसरा मार्ग छत्तीसगढ शासनाने 1 एप्रिल 2023 पासून खुला केला. या योजनेत दरमहा 2,500 रुपये थेट बँक खात्यात जमा होत. अर्जदार 18 ते 35 वर्षे वयाचा, राज्याचा रहिवासी व किमान बारावी उत्तीर्ण असावा, सेवायोजन कार्यालयातील त्याची नोंदणी दोन वर्षांची जुनी असावी, त्याला स्वतःचे उत्पन्न नसावे आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांहून अधिक नसावे, अशा अटी होत्या. एका कुटुंबातील एकासच लाभ मिळे. प्रथम एक वर्षासाठी मंजुरी मिळे. काम न मिळाल्यास आणखी एक वर्ष मुदत वाढविता येई. कौशल्य प्रशिक्षण किंवा देऊ केलेली नोकरी नाकारणाऱ्याचा भत्ता बंद होई.

या अटींमागे तर्क आहे. भत्ता खऱ्या गरजूलाच मिळावा आणि त्याने काम शोधणे सोडू नये, हा त्यांचा हेतू होय. परंतु अटी केवळ रक्कम वाटण्याचे नियम नसतात. बेकार कोणास म्हणावे, हेही त्याच ठरवितात. सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभा राहून दुपारी रिकाम्या हाताने परतणारा बिगारी घ्या. त्याच्या नावे विम्याची वर्गणी नाही, म्हणून पहिले दार बंद. तो बारावी झालेला नाही, म्हणून दुसरेही बंद.

अशा श्रमिकासाठी महाराष्ट्राने वेगळी वाट शोधली होती. 1977 च्या रोजगार हमी अधिनियमाने मागणीनंतर 15 दिवसांत काम देण्याचे बंधन शासनावर घातले. काम न दिल्यास बेकारी भत्ता देय झाला. येथे शिक्षण वा वर्गणी विचारली जात नसे. अंगमेहनतीची तयारी पुरे. मात्र ही हमी ग्रामीण भागापुरतीच होती. शहरातील रोजंदारी मजुराचा प्रश्न तिनेही सुटला नाही. म्हणून कोणत्याही भत्त्याची पारख करताना रक्कम पाहण्याआधी पात्रतेच्या अटी वाचाव्यात आणि त्यांत कोण बसत नाही, हे प्रथम पाहावे.