माहेरची मुरमाड, सासरची काळी

प्रश्न : माझं माहेर चिखली तालुक्यातलं, सासर नांदुऱ्याकडचं, पूर्णेच्या खोऱ्यात. माहेरी हातभर खणलं की मुरूम लागतो. इथं पुरुषभर खोल गेलं तरी काळी मातीच. तरीही मामंजी म्हणतात, ‘तुमची बरड बरी.’ एकाच जिल्ह्यात एवढा फरक कसा? आणि माती म्हणजे नेमकं काय?
– एक वाचक, नांदुरा

उत्तर : मामंजी अनुभवाचं बोलतात. त्यांच्या बोलण्यामागचं कारण कळायला आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेऊ.

माती म्हणजे दगडाचा नुसता भुगा नव्हे. चांगल्या मातीत घन पदार्थ साधारण निम्म्या जागेतच असतात, उरलेल्या निम्म्या जागेत हवा आणि पाणी खेळतं. घन भागात बहुतेक झिजलेल्या खडकाचे कण, थोडा कुजलेला पालापाचोळा आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव. मुळं श्वास घेतात ती त्या पोकळीत. रशियातले वसिली दोकुचायेव यांनी १८८३ मध्ये तिकडच्या काळ्या मातीवर ग्रंथ लिहिला. खडक, हवामान, जमिनीचा चढउतार, सजीव आणि काळ यांनी मिळून माती घडते, हा विचार त्यांनी रुजवला.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात यातला खडक बव्हंशी एकच : सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. लोणारचं विवर याच खडकात आहे. कोकणातही पुष्कळ ठिकाणी हाच खडक, पण तिथल्या मुसळधार पावसानं त्यातला चुना वगैरे धुऊन नेला, लोह मागे उरलं आणि तांबडा जांभा तयार झाला. आपला पाऊस बेताचा. त्यामुळे चुना जागेवर राहिला आणि खडकाची चिकण काळी माती झाली.

मग घाटावर, तुमच्या माहेरी, आणि घाटाखाली, सासरी, फरक पडला तो उतारामुळे. चिखलीकडच्या टेकाडांवरचे बारीक कण हरेक पावसात वाहून जातात, जाडे मागे राहतात. म्हणून तिथं मुरमाड, हलकी जमीन. माहेरच्याच शिवारात नाल्याकाठी मात्र भारी जमीन सापडेल, कारण वरचं बारीक तिथं साठतं. पूर्णेचं खोरं म्हणजे हाच प्रकार अवाढव्य प्रमाणात. उत्तरेकडून सातपुडा, दक्षिणेकडून अजिंठ्याची रांग, दोन्हीकडचा गाळ लाखो वर्षं तिथं साचत आला. काही ठिकाणी त्याची जाडी शेकडो फूट आहे. पुरुषभर खणून तुम्हाला मुरूम कुठून लागणार?

या काळ्या मातीतला चिकणकण ०.००२ मिलिमीटरपेक्षाही लहान असतो आणि वहीच्या पानांसारखा थरांचा बनलेला असतो. पानांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, वाळली की आक्रसते. मे महिन्यात शेतात भेगा पडतात, कोपरापर्यंत हात जावा एवढ्या. वरची भुसभुशीत माती त्या भेगांत पडते. पावसाळ्यात खालची माती फुगते, तिला जागा पुरत नाही, ती वर रेटते. जमीन अशी स्वतःच स्वतःला उलथत राहते. दोन-तीन फूट खोल खड्डा खणून एखादं मोठं ढेकूळ फोडून पाहा : थर एकमेकांवर घासून त्याच्या बाजू तुकतुकीत झालेल्या दिसतील. काळ्या जमिनीवरच्या घरांच्या भिंतींना तडे जातात तेही यामुळेच.

एक समज मात्र मनातून काढून टाका : काळा रंग म्हणजे भरपूर खत नव्हे. आपल्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. तिची खरी ताकद ओल धरण्यात. पऱ्हाटी, तूर, हरभरा त्या ओलीवर तगतात.

आणि इथंच मामंजींचं दुखणं आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतला पूर्णाकाठचा मोठा भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथल्या मातीत सोडियम अधिक, खालचं पाणी खारं. सोडियममुळे चिकणकण एकमेकांना सोडतात, सुटे होऊन पोकळ्या बुजवतात. अशा जमिनीत वर पाणी तुंबतं, खाली मात्र कोरडं राहतं. वाफसा लवकर येत नाही. आला तरी चार दिवसांत जमीन कडक होते, वखर चालत नाही. विहिरीचं खारं पाणी दिलं तर आणखी बिघाड. माहेरची बरड गरीब खरी, पण तिच्यातून पाणी खेळतं आणि पाऊस पडल्यावर लवकर पेरता येतं. घाटाखालच्या या जमिनीला जास्त काळजी हवी, असं माझं ठाम मत आहे.

घरीच एक परीक्षा करा. काचेच्या ग्लासात पावसाचं स्वच्छ पाणी घ्या. त्यात बोराएवढं वाळलेलं ढेकूळ अलगद सोडा, ढवळू नका आणि दुसऱ्या दिवशी पाहा. ढेकूळ विरघळून खाली बसलं आणि पाणी बऱ्यापैकी निवळ राहिलं, तर ठीक. ढेकळाभोवती धुरासारखा गढूळपणा पसरून तो तसाच राहिला, तर सोडियमची शंका घ्या आणि माती प्रयोगशाळेत द्या. नमुना बांधाजवळचा, झाडाखालचा किंवा उकिरड्याच्या जागेचा नको. शेतात सात-आठ ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन त्यांची माती एकत्र करा. सोडियम निघालाच तर जिप्सम किती घालायचं ते अहवालावरूनच ठरवा. जिप्सममधलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, पण सुटलेला सोडियम वाहून जायला गोडं पाणी आणि निचऱ्याचे चर लागतात. चर नसतील तर जिप्समवर पैसे घालू नका. ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडणं आणि शेततळ्यात पावसाचं पाणी धरणं, ही कामं अहवालाची वाट न पाहता यंदाच्या मृगापासून सुरू करता येतील.