गरम झाल्यावर बिघडणारे इंजिन

यंत्रांच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारची तक्रार कायम हजर असते. तार तुटली की दिवा लागत नाही, तो सकाळीही लागत नाही आणि संध्याकाळीही नाही. असा बिघाड शोधणे अवघड नसते. दुसऱ्या प्रकारची तक्रार मात्र येते आणि जाते. डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकताच दाढदुखी थांबावी, तशी गाडी गॅरेजात उभी केली की गुणी बाळासारखी चालू लागते. ट्रक-टेम्पोवाल्यांना सर्वांत जास्त छळणारी तक्रार याच जातीची आहे. थंड इंजिन झकास चालते, आणि गरम झाले की ‘मिसिंग’ मारू लागते, म्हणजे मध्येच एखादा ठोका चुकवून थरथरते.

टिटवाळ्यातील एका टेम्पोचेच उदाहरण घेऊ. चार सिलिंडरांचे इंजिन, गॅस आणि पेट्रोल या दोन्हींवर चालणारे. मालक पहाटे निघून गोवेली, रायते, कांबा, म्हारळ या मार्गाने कल्याणच्या बाजार समितीत जातो आणि फुले, दूर्वा, नारळ घेऊन परततो. हा माल गणपती मंदिराबाहेरच्या दुकानांत जातो. रस्ता मोकळा असेपर्यंत गाडीची तक्रार नसे. शहाडच्या पुलाशी वाहनांची रांग लागली आणि गाडी जागच्या जागी घरघरत उभी राहिली की इंजिन हलू लागे, आणि कधीकधी बंदही पडे. एका गॅरेजात प्लग बदलले, मग चारही कॉइली बदलल्या. तक्रार तशीच राहिली. तेव्हा “इंजिन खोलावे लागेल” असे सांगण्यात आले. इंजिन खोलायचे म्हणजे काही हजारांचा खर्च आणि आठवडाभर गाडी उभी. त्यात अंगारकी तोंडावर आलेली. मंगळवारी संकष्टी आली की टिटवाळ्यात केवढी गर्दी लोटते हे तुम्ही ऐकले असेलच. फुलांच्या धंद्यात तो एक दिवस महिन्याची बरोबरी करतो.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रीने हा दोष इंजिन न खोलता एका सकाळीत शोधला. त्याने तो कसा शोधला हे पाहण्यापूर्वी आपण एक प्रश्न स्वतःला विचारू. इंजिन थंड असताना आणि गरम असताना यांत नेमका फरक कोणता? भाग तेच, इंधन तेच, चालकही तोच. बदलले ते फक्त तापमान. म्हणून तापमानाबरोबर बदलणाऱ्या गोष्टींतच गुन्हेगार लपलेला असला पाहिजे. त्या गोष्टी तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहेत. धातू प्रसरण पावतो. तांब्याच्या तारेचा रोध वाढतो. द्रवाची वाफ होते. तेल पातळ होते.

प्रथम रोधाचा विचार करू. ठिणगी निर्माण करणारी कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. जुन्या पद्धतीच्या कॉइलीत प्राथमिक वेटोळ्याचा रोध २५ अंशांना समजा ३ ओहम आहे. इंजिनाजवळ ती ९५ अंशांपर्यंत तापली, म्हणजे ७० अंशांची वाढ झाली, तर रोध सुमारे २७ टक्क्यांनी वाढून ३.८ ओहम होईल. १२ व्होल्टच्या बॅटरीतून आधी ४ अँपिअर प्रवाह जात होता, आता सुमारे ३.१५ जाईल. हे फारसे वाटत नाही. पण वेटोळ्यात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वर्ग करून पाहा. ऊर्जा पहिल्याच्या ६२ टक्केच उरते! धडधाकट कॉइल एवढी घट सोसते, कारण ती मुळातच गरजेपेक्षा जास्त ठिणगी देते. आजच्या इंजिनांत तर संगणक प्रवाह किती वेळ चालू ठेवायचा हे सांभाळून घेतो. पण आतल्या विद्युतरोधक थराला बारीक चीर असेल, तर ती तापल्यावर फाकते, ठिणगी भलतीकडेच उडते आणि सिलिंडरातले मिश्रण न पेटताच बाहेर जाते. म्हणून गरम झाल्यावर मिसिंग आले की पहिला संशय कॉइलीवर जातो, आणि बऱ्याचदा तो खराही ठरतो.

वाफेचा उपद्रव आता फारसा उरलेला नाही. कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यातून १९४७ नंतर डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडू लागले. त्या काळच्या पेट्रोल इंजिनांत नळीतले पेट्रोल तापून त्याची वाफ होई आणि पंप वाफेवरच कोरडा हलत राही. घाट चढताना ट्रक थांबला की चालक पंपावर ओले फडके टाकत. बाष्पीभवनाने थंडावा येतो, हा माठाचाच न्याय. डिझेल ट्रकांत ठिणगीच नसते, म्हणून कॉइलीचा प्रश्नही नाही. तेथे गरमीत दुसरे काही घडते. तापलेले डिझेल पातळ होते. उच्च दाबाच्या पंपातील दांडा आणि त्याची नळी यांच्यातील फट मिलिमीटरच्या काही हजारांश भागाइतकीच असते. ती झिजून वाढली की थंड, दाट डिझेल निभावून नेते, पण गरम डिझेल निसटते. विष्यंदिता निम्मी झाली की तेवढ्याच दाबाला गळती दुप्पट होते.

आता आपल्या मिस्त्रीकडे वळू. त्याने हत्यार हातात घेण्यापूर्वी मालकाला तीन प्रश्न विचारले. किती वेळाने सुरू होते? वेगात असताना होते की उभे असताना? गरम गाडी दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू केली तर लगेच होते की थोड्या वेळाने? तिसऱ्या प्रश्नाचे मला फार कौतुक वाटते. इंजिन बंद केल्यावर सगळेच भाग निवत नाहीत. पंखा थांबतो, पाणी फिरायचे थांबते आणि बॉनेटखाली कोंडलेली उष्णता कॉइलीला उलट आणखी तापवते. ज्वालेच्या तोंडी असलेली झडप मात्र (मिस्त्री तिला वॉल्व्ह म्हणतात) ज्वाला विझताच झपाट्याने निवते. मालकाने सांगितले, “सुरुवातीला एक-दोन मिनिटे बरी चालते, मग हलते.” कॉइलीवरचा संशय इथेच कमी झाला.

नंतर इंजिन गरम करून, ते उभ्या गाडीत चालू ठेवून त्याने एकेका सिलिंडराच्या इंधन फवाऱ्याची विजेची जोडणी क्षणभर काढली. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडराची जोडणी काढताच इंजिन जास्त हलले. तिसऱ्याची काढली तर काहीच फरक नाही. जो कामच करत नाही तो रजेवर गेला तर कोणाला कळणार? दोष तिसऱ्यात आहे हे ठरले. (हा प्रयोग तुम्ही घरी करू नका. विशेषतः ठिणगीची तार चालू इंजिनात कधीही ओढू नये. तेथे हजारो व्होल्ट असतात.)

मग त्याने तिसऱ्या सिलिंडराची कॉइल पहिल्याला लावली आणि पहिल्याची तिसऱ्याला. दोष कॉइलीत असता तर तो तिच्याबरोबर पहिल्या सिलिंडरात गेला असता. तो गेला नाही. प्लगांची अशीच अदलाबदल केली, तरीही नाही. गाडी गॅसवरून पेट्रोलवर घेतली, मिसिंग कायम. म्हणजे दोन्ही इंधनांची वाट निर्दोष. प्रयोगशाळेत एका वेळी एकच राशी बदलायची असे आम्ही तुम्हांला सांगत असतो, ते हेच. नवे भाग विकत घेऊन बसवण्यानेही तेवढेच कळते, फक्त पैसे जास्त जातात!

उरला सिलिंडरातला दाब. आणि येथे एक गंमत आहे. पहिल्या गॅरेजात प्लग काढून दाब मोजला होता आणि चारही सिलिंडरांत तो सारखा भरला होता. म्हणून झडपा चांगल्या आहेत असे मानले गेले. पण प्लग काढून मापक बसवेपर्यंत झडप निवलेली असते. रोगी बरा झाल्यावर ताप मोजण्यासारखेच ते झाले.

झडप तापल्यावर काय होते ते आकड्यांनी पाहू. जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप ९० मि.मी. लांब आहे आणि चालू इंजिनात तिचे तापमान सरासरी ३०० अंशांनी वाढते असे धरू. पोलादाचा प्रसरण गुणांक ०.००००१२. गुणाकार करा : ९० × ०.००००१२ × ३०० = ०.३२ मि.मी. झडप एवढी लांबते. तिला धरून ठेवणारे ॲल्युमिनिअमचे हेडही लांबते. त्याचा गुणांक जवळजवळ दुप्पट, ०.००००२३, पण त्याच्याभोवती पाणी फिरत असल्याने तापमान ६५ अंशच वाढते. म्हणून वाढ ०.१३ मि.मी. म्हणजे झडप हेडपेक्षा ०.१९ मि.मी. पुढे जाते. तिला लांबायला जागा हवी म्हणून थंड इंजिनात झडपेचे टोक आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यात फट ठेवतात. हिलाच टॅपेटचे अंतर म्हणतात. या इंजिनात ती ०.३० मि.मी.च्या आसपास हवी होती. मिस्त्रीने इंजिन पूर्ण थंड होऊ दिले आणि वरचे झाकण काढून फटीत मापाच्या पट्ट्या घातल्या. तिसऱ्या सिलिंडरात ०.२० ची पट्टी शिरेना, ०.१० ची कशीबशी गेली. आता वजाबाकी करा. ०.१० मि.मी. जागा असताना ०.१९ मि.मी. लांबणारी झडप मिटणार कशी? गरम झाल्यावर ती जवळजवळ ०.०९ मि.मी. उघडीच राहत होती.

आणि मग वेगात तक्रार का नव्हती? मिनिटाला ८०० फेरे असताना दट्ट्याला मिश्रण दाबायला ०.०३७५ सेकंद लागतो, ३००० फेऱ्यांना ०.०१ सेकंद. फट तेवढीच, पण निसटायला वेळ चौथ्या हिश्शाइतका. म्हणून वेगात पुरेसा दाब उरे आणि शहाडच्या रांगेत उरत नसे. थरथर हाताला का जाणवते हेही पाहा. ८०० फेऱ्यांना चार सिलिंडर मिळून सेकंदाला सुमारे २७ धक्के देतात. ते एकमेकांत मिसळून जातात. एक सिलिंडर बंद पडला की सेकंदाला सहा-सात वेळा खड्डा पडतो, तो सहज कळतो.

फट कमी का झाली? झडप आपल्या बैठकीवर सतत आपटते आणि बैठक झिजून झडप वर सरकते. पेट्रोलचे थेंब वाफ होताना थोडी उष्णता शोषतात. गॅस कोरडाच येतो, म्हणून गॅसच्या गाड्यांत ही झीज अधिक होते. भारतात २००० साली बंद झालेल्या शिसेयुक्त पेट्रोलमध्ये शिशाच्या क्षारांचा पातळ थर बैठकीचे रक्षण करी. त्याचे विष हवेत जाई हे वेगळे, आणि ते गेले हे चांगलेच झाले.

मिस्त्रीने आठही फटी तपासल्या, तिसऱ्यातील स्क्रू सैल करून अंतर बसवले आणि नट आवळला. नवीन भाग एकही लागला नाही. असेच अंतर ठेवून गाडी आणखी काही महिने चालवली असती, तर न मिटणाऱ्या झडपेची कड जळून गेली असती आणि हेड खरोखरच उतरवावे लागले असते. मिटलेली झडप आपली उष्णता बैठकीला देऊन निवते, अर्धवट उघडीला ती सोय नसते.

यातला रोधाचा भाग तुम्ही शाळेत करून पाहू शकाल. निकामी भिंगरी किंवा ट्रान्सफॉर्मरमधील बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे घ्या. ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधा, तारा बाहेर राहू द्या. पाण्याच्या भांड्यात ही पिशवी बुडवून २५, ४०, ५५ आणि ७० अंशांना मल्टिमीटरने रोध मोजा. प्रत्येक वेळी पाच मिनिटे थांबा, कारण आतली तार पाण्यामागून तापते. आलेख काढून दर अंशाला किती टक्के वाढ होते ते पाहा. नंतर रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मिळणारा थर्मिस्टर तसाच बुडवून मोजा. इंजिनाच्या पाण्याचे तापमान संगणकाला कळवणारा भाग थर्मिस्टरच असतो. त्याचा आलेख तांब्याच्या उलट दिशेने का जातो, हे आपल्या शिक्षकांना विचारा.